उसवलेली शिवण

मराठी भाषेत वस्त्राच्या दुखण्याला दोन वेगवेगळे शब्द आहेत. कापडाचे स्वतःचे धागे तुटले म्हणजे ते ‘फाटले’ असे आपण म्हणतो. आणि कापड शाबूत राहून केवळ शिवणीचा दोरा गेला, तर ते ‘उसवले’ असे म्हणतो. शाळेतून घरी आलेल्या मुलाच्या सदऱ्याकडे पाहताच आई सांगते, “फाटला नाही रे, उसवला आहे, काढून ठेव.” त्या एका वाक्यात निदानही येते आणि उपचारही येतो. उसवलेल्याला टाका पुरतो, फाटलेल्याला ठिगळ लागते. हा भेद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. परंतु त्याचे मोल आम्हांला कळले ते कपड्यांवरून नव्हे, तर एका जुन्या मोटारीच्या बैठकीवरून. ती हकीकत आणि तिच्या अनुषंगाने शिवणीचे शास्त्र वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या निपाणीवरून पुणे-बंगळूरु राष्ट्रीय महामार्ग जातो. पूर्वी त्याचा क्रमांक 4 होता. 2010 साली देशातील महामार्गांची नव्याने क्रमवारी लावण्यात आली, तेव्हापासून तो 48 क्रमांकाच्या महामार्गाचा भाग आहे. उत्तरेस सुमारे 40 किलोमीटरवर कोल्हापूर आणि दक्षिणेस सुमारे 75 किलोमीटरवर बेळगाव. दवाखाना, कचेरी, लग्नकार्य, बाजार अशा नाना कारणांनी येथील माणसांना या दोन्ही शहरांची वाट नित्य धरावी लागते. नवी मोटार घेणे प्रत्येकाला परवडत नाही; म्हणून कोणी वापरलेली गाडी घेतो आणि तिच्यावरच संसाराची धाव भागवतो. अशी गाडी घेताना मनुष्य इंजिन ऐकतो, चाके पाहतो, कागदपत्रे तपासतो. बैठकीकडे मात्र त्याचे लक्ष शेवटी जाते. आणि पुढे सारा प्रवास करावयाचा असतो तो त्या बैठकीवरच!

आमच्या गल्लीतील एका काकांनी दसऱ्याच्या सुमारास अशीच एक जुनी गाडी घेतली. चालकाच्या बैठकीच्या उजव्या कडेची शिवण तेव्हा चार बोटे उसवलेली होती. काका म्हणाले, “चालतंय की! गाडी पळती, मग झालं.” दिवाळी गेली, संक्रांत गेली. गाडीत चढताउतरता त्या फटीवर रोज अंग घासत होते. शिमग्यापर्यंत फट वीतभर झाली, आतला फोम पिवळ्या भुकटीच्या रूपाने कपड्यांना लागू लागला आणि फटीच्या काठचे रेक्झिनही चिरत गेले. एवढ्यात शेजारच्या, म्हणजे डाव्या बैठकीचीही शिवण दोन बोटे सुटली. त्याच बैठकीवर बसवून काकांना आपल्या वृद्ध आईला महिन्यातून दोन वेळा कोल्हापूरच्या दवाखान्यात न्यावे लागत असे. आता मात्र त्यांनी गाडी महामार्गाच्या बाजूस गाद्या व खोळी शिवणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे नेली. सुट्टीचा दिवस असल्याने आम्ही दोघे-तिघे विद्यार्थीही बरोबर गेलो.

कारागीर मामांनी दोन्ही फटींवरून एकदा अंगठा फिरवला आणि डाव्या बैठकीकडे बोट करून म्हणाले, “पोरांनो, हितं नुसता दोरा ग्येलाय, कापाड अजून जित्तं हाय. पर तिकडचं बघा, तितं कापाडच मेलंय. ह्याला टाका, त्याला ठिगाळ.” घरी आईने सांगितलेला भेद तो हाच. मामांनी डाव्या बैठकीची शिवण आमच्याच हातून शिवून घेतली. ते जे बोलले आणि आम्ही पुढे जे वाचले, ते दोन्ही येथे एकत्र सांगतो.

प्रथम बैठकीची रचना पाहू. सर्वांत खाली लोखंडी सांगाडा, त्यावर फोमची गादी आणि त्यावर ताणून बसविलेली खोळ. जुन्या काळी या गादीत स्प्रिंगा व काथ्या असत; आता बहुधा पॉलियुरेथेन नावाचा फोम असतो. खोळ एका अखंड तुकड्याची नसते. मधला भाग, दोन्ही बाजूंचे उंचवटे, पुढची पट्टी असे तुकडे वेगवेगळे बेतून एकमेकांस जोडलेले असतात. कारण सपाट कापड गोलाईवर नुसते ताणले तर त्याला सुरकुत्या पडतात. दोन तुकडे सुलट बाजू आत करून समोरासमोर ठेवतात, काठापासून बोटभर आत टीप मारतात आणि मग उलगडतात. टिपेच्या पलीकडे उरलेल्या त्या बोटभर कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात. माया आत दडलेली असते, बाहेरून दिसत नाही. परंतु शिवणीचे बळ तिच्यावरच अवलंबून असते. माया तोकडी असेल, तर ताण पडताच कापडाचे धागे टाक्यांतून निसटून येतात.

खोळीचे कापड म्हणजे पुष्कळदा रेक्झिन. हे मूळचे इंग्लंडमधील एका चर्मसदृश कापडाचे व्यापारी नाव. सुती कापडावर रासायनिक लेप देऊन ते तयार करीत. आपल्याकडे हे नाव इतके रुळले की, तशा सर्वच कापडांना आपण रेक्झिन म्हणू लागलो. आजच्या रेक्झिनमध्ये पाठीमागे विणलेले कापड आणि पुढे पीव्हीसी अथवा पॉलियुरेथेनचा थर असतो. यांपैकी पीव्हीसी मुळात कडक असते. त्यात मार्दव आणणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ऊन आणि उष्णता यांमुळे ही द्रव्ये वर्षानुवर्षे हळूहळू निघून जातात आणि कापड ताठर होऊन त्याला चिरा पडू लागतात. बाहेरचे तापमान 35 अंशांच्या पुढे गेले असता उन्हात तासभर बंद ठेवलेल्या गाडीतील बैठक 50 अंशांपर्यंत तापू शकते. चैत्र-वैशाखात दुपारी गाडीत बसताना ज्याला चटका बसला आहे, त्याला हे वेगळे सांगावयास नको.

आता दोऱ्याकडे वळू. शिवणयंत्राची टीप एका दोऱ्याची नसून दोन दोऱ्यांची असते. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून. आणि दोन्ही कापडाच्या जाडीत एकमेकांना कवटाळतात. टोकाशीच नेढे असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा आणणारा धोटा यांची जोडी असलेल्या यंत्राचे एकस्व 1846 साली अमेरिकेत एलियास हाउ यांना मिळाले. या टिपेचा मोठा गुण असा की, एका ठिकाणी दोरा तुटला तरी सारी शिवण एकदम सुटत नाही. याउलट खताच्या पोत्याचे तोंड ज्या साखळी टाक्याने शिवलेले असते, त्याचे योग्य टोक सापडले की एका ओढीत सारा दोरा सरसर निघून येतो. ते सोयीसाठी मुद्दामच तसे केलेले असते. बैठकीची टीप तशी नाही. तिच्यातील एक टाका तुटला की शेजारचे टाके थोडे सैल पडतात. सैल टाका प्रत्येक हालचालीबरोबर घासतो, झिजतो आणि काही दिवसांनी तोही तुटतो. मग त्याच्या शेजारच्याची पाळी येते. म्हणून उसवण ही हळूहळू चालत येणारी गोष्ट आहे. आणि हळू चालते म्हणूनच तिला गाठून थांबविणे शक्य असते.

ती नेमकी चालकाच्या बाहेरील कडेवरच का सुरू होते? आपल्या देशात चालक उजव्या बाजूस बसतो व उजव्या दाराने उतरतो. चढताउतरता शरीराचा भार क्षणभर त्या उंचवट्याच्या अरुंद कडेवर येतो आणि घसरत जातो. दिवसातून दहा वेळा चढउतार झाली, तर वर्षाकाठी हे साडेतीन हजारांहून अधिक वेळा घडते. दुसरे कारण वळणांचे. निपाणीहून बेळगावकडे जाताना तवंदीचा घाट लागतो. घाटातील वळणावर गाडी वळते, पण शरीर आपल्या मूळच्या दिशेनेच जाऊ पाहते. हा जडत्वाचा नियम आपण भौतिकशास्त्रात शिकतो. शरीर असे बाजूला रेलले की त्याला अडविण्याचे काम बैठकीचा उंचवटा करतो आणि तो ताण अखेरीस शिवणीवर येतो. तिसरे कारण फोमचे. गादी मधोमध दबली की खोळ आत ओढली जाते व कडेची शिवण ताणली जाते. आणि चौथे कारण उन्हाचे. काचेतून येणारा प्रकाश जसा रेक्झिन कडक करतो, तसा दोराही कमकुवत करतो.

येथे एक शंका येईल. मग शिवणीला असा दोरा का घालू नये, की जो कधी तुटणारच नाही? आम्हीही मामांना हेच विचारले. तारेने शिवले तर? मासे धरण्याच्या तंगुसाने शिवले तर? मामा हसले. त्यांच्या उत्तराचा आशय असा की, दोरा कापडापेक्षा किंचित दुबळाच असला पाहिजे. ताण असह्य झाला असता दोघांपैकी एकाने हार खावी लागते. दोरा हरला तर शिवण उसवते आणि ती पुन्हा शिवता येते. पण दोरा अति बळकट असला, तर तो सुरीसारखा कापड कापीत जातो आणि मग शिवावयास काठच उरत नाही. उत्तम शिलाईचे हे सर्वमान्य तत्त्व आहे. शिवण स्वतः उसवून कापडाला वाचवते.

तेव्हा दोरा निवडावा तो मध्यम बळाचा आणि ऊन सोसणारा. कपड्यांचा साधा सुती दोरा दमटपणाने कुजतो आणि ताणाला टिकत नाही. नायलॉनचा दोरा बळकट व लवचिक असतो. हा तंतू 1935 साली अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत प्रथम तयार झाला. परंतु ऊन सोसण्यात पॉलिएस्टर त्याच्यापेक्षा सरस ठरते. पॉलिएस्टरचा टेरिलीन हा तंतू 1941 साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड व डिक्सन या दोघा संशोधकांनी शोधला. आपल्या आजोबांच्या पिढीला तो टेरिलीनच्या सदऱ्यांमुळे चांगला परिचित आहे. दोऱ्याची जाडी मोजण्याचे एक माप ‘टेक्स’ होय. 1000 मीटर लांबीच्या दोऱ्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे टेक्स. सदरा शिवण्याचा दोरा सामान्यतः 30 टेक्सच्या आसपास असतो. बैठकीसाठी 70 ते 135 टेक्सचा दोरा वापरतात. म्हणजेच सदऱ्याच्या दोऱ्यापेक्षा तो दुपटीपासून साडेचारपटीपर्यंत जड असतो. दुकानात एवढे आकडे सांगण्याची गरज पडत नाही. ‘गाडीच्या सीटचा पॉलिएस्टर दोरा’ म्हटले की पुरते.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. तथापि सुई हाती घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहावयाच्या असतात. त्यांपैकी पहिली तर प्राणांशी निगडित आहे. आजच्या पुष्कळ गाड्यांत पुढील बैठकींच्या पाठीत, दाराकडील बाजूस, हवेची पिशवी घडी करून ठेवलेली असते. बाजूने जोराची धडक बसली की ती सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागात फुगते आणि प्रवाशाच्या बरगड्यांना वाचवते. ती बाहेर येते कोठून? पाठीच्या कडेवरील एक शिवण फोडून! त्या शिवणीचा दोरा व टाके मुद्दाम ठरावीक बळाचे ठेवलेले असतात. कोणी भाबडेपणाने ती शिवण जाड दोऱ्याने पक्की केली, तर पिशवी अडकेल अथवा भलत्या दिशेने फुटेल. अशा बैठकीच्या कडेवर बहुधा ‘एअरबॅग’ अशी अक्षरे असलेली छोटी चिठ्ठी असते. ती दिसली, किंवा नुसती शंका जरी आली, तरी पाठीच्या त्या कडेला हात लावू नये. ते काम कंपनीच्या माहीतगार कार्यशाळेचे आहे. बैठकीखालच्या तारा ओढणे किंवा त्यांची जोडणी सोडणे हेही आपले काम नव्हे. काकांच्या गाडीत अशी पिशवी नाही, याची मामांनी आधी खात्री करून घेतली आणि मगच आमच्या हाती सुई दिली.

दुसरी परीक्षा चिमटीची. फटीचे दोन्ही काठ अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरून जवळ आणावेत. हलक्या दाबाने ते एकमेकांना भेटले, तर दोष केवळ दोऱ्याचा आहे, असे समजावे. भेटत नसतील, तर खोळ आकसली आहे किंवा फोम सरकला आहे. अशा वेळी बळाने शिवलेला टाका चार दिवसही टिकणार नाही. तेथे खोळ खालून सोडवून, फोम नीट बसवून, उलट बाजूने यंत्रावर शिवावे लागते, आणि ते कारागिराकडेच द्यावे. तसेच काठावरची जुनी छिद्रे नीट न्याहाळावीत. छिद्रे सुटी सुटी व गोल दिसली तर काठ निरोगी आहे. एकमेकांत मिसळून त्यांची चीर झाली असेल, तर कापड फाटले आहे.

साहित्य फार लागत नाही. अर्धचंद्रासारखी वाकडी सुई, पॉलिएस्टरचा दोरा, मेणाचा तुकडा, बोटात घालावयाचे अंगुस्तान, लहान पक्कड आणि कात्री. सुई वाकडीच का? कारण बैठकीच्या आत हात घालता येत नाही. सुई बाहेरूनच आत जाऊन बाहेरच परत आली पाहिजे. तंबाखूचे बोद शिवणारे हमाल सरळ दाभण वापरतात, कारण त्यांना पोत्याचे तोंड दोन्हीकडून धरता येते. बैठकीचा एकच पृष्ठभाग आपल्या स्वाधीन असतो, म्हणून सुईलाच वळण द्यावे लागते.

प्रथम फटीतील धूळ व फोमची भुकटी काढून काठ ओलसर फडक्याने पुसावेत व पूर्ण वाळू द्यावेत. तुटक्या दोऱ्याची लोंबती टोके कात्रीने कापावीत. ओढू नयेत, नाहीतर शाबूत टाकेही सैल होतात. नंतर दोरा मेणावरून दोन-तीनदा ओढावा. मेणाने दोरा गुळगुळीत होतो, छिद्रात अडत नाही आणि गाठ घसरत नाही. विडी वळणाऱ्या आमच्या गावच्या बायाबापड्यांची बोटे दिवसभर दोऱ्याशी खेळत असतात. त्यांच्यापैकी एकीने आम्हांला सांगितले की, दोरा ताणून नव्हे, धरून बांधावा. बैठकीच्या टाक्यालाही हे तंतोतंत लागू आहे.

उसवण 12 सेंटिमीटरची आहे आणि एकेक टाका 4 मिलिमीटरचा आहे, असे धरू. म्हणजे दोन्ही काठांवर मिळून सुमारे 30 टाके झाले. शिवण्यास आरंभ फटीच्या तोंडापासून करू नये. दोन-तीन सेंटिमीटर अलीकडून, जेथे जुनी शिवण अद्याप घट्ट आहे तेथून करावा, आणि शेवटही तितकाच पलीकडे जाऊन करावा. कारण फटीच्या दोन्ही टोकांचे टाके दिसावयास शाबूत असले तरी आतून झिजलेले असतात. दोऱ्याची गाठ मायेच्या आत दडवावी.

टाका कोणता घालावा? शिडीचा. सुई एका काठाच्या जुन्या छिद्रातून आत घालावी, घडीच्या आतूनच पुढच्या छिद्रापर्यंत न्यावी आणि तेथून बाहेर काढावी. नंतर समोरच्या काठावरील बरोबर समोरच्या छिद्रात ती घालावी, तेथेही घडीच्या आतून एक छिद्र पुढे न्यावी व बाहेर काढून पुन्हा पहिल्या काठावर यावे. येणेप्रमाणे चार-पाच टाके झाले की दोन काठांमध्ये शिडीच्या पावक्यांसारखे आडवे दोरे दिसतात. मग दोरा शिवणीच्या दिशेने, सावकाश, सारख्या बळाने ओढावा. पावके आत बुडतात, काठ एकमेकांना भेटतात आणि दोरा दिसेनासा होतो. दुसऱ्या कोणी तळहाताने गादी खाली दाबून धरली तर काठांवरचा ताण कमी होतो व काम सुकर होते. सारे टाके घालून एकदम ओढू नये. मधले सैल राहतात आणि काठाला चुण्या पडतात. सुई अडली तर पक्कडीने सरळ ओढावी, वाकवू नये. अखेरीस दोन-तीन टाके उलट दिशेने घालून, गाठ मारून, दोऱ्याचे टोक सुईने शिवणीच्या आत ओढून घ्यावे व मगच कापावे.

या साऱ्या कृतीत मामांनी एका गोष्टीवर पुन्हा पुन्हा बोट ठेवले : सुई जुन्याच छिद्रातून गेली पाहिजे. आमच्यापैकी एकाने घाईत दोन टाके नव्या जागी घातले, तेव्हा त्यांनी ते शांतपणे उसवायला लावले. कारण सोपे आहे. टपालाच्या तिकिटांच्या कागदावर छिद्रांची ओळ पाडलेली असते, ती कशासाठी? तेथून कागद सहज फाटावा म्हणून. जुन्या दोन छिद्रांच्या मध्ये नवे छिद्र पाडले की आपणही बैठकीवर तशीच ओळ तयार करतो. कापडावरचे छिद्र भरून येते, कारण सुई धागे बाजूस सारते. रेक्झिन किंवा चामडे यांवरचे छिद्र मात्र कायमचे राहते. चामड्याच्या कामात हे भान पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले आहे. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर या चार जिल्ह्यांनाही मिळून. ही चपल परंपरेने खिळ्यांवाचून, चामड्याच्या वादीने शिवतात. आरीने छिद्र पाडण्यापूर्वी कारागीर त्याची जागा नजरेने निश्चित करतो, कारण चुकलेले छिद्र त्याला परत घेता येत नाही.

न करण्याच्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. झटपट चिकटणारा डिंक फटीत ओतू नये. तो वाळून काचेसारखा कडक होतो, बैठक दबताच तडकतो आणि पुढे तेथे सुईही शिरत नाही. वरून चिकटपट्टी लावली तर उन्हाने तिचा चिकटा वितळून कपड्यांना लागतो व खाली उसवण चालूच राहते. वर नवी खोळ चढवून फट झाकणे हाही उपाय नव्हे. डोळ्यांआड झालेली फट अधिकच निर्वेध वाढते. पाठीत हवेची पिशवी असेल, तर अशी वरची खोळ तिच्याही वाटेत येते. फाटलेल्या भागाला मात्र टाका पुरत नाही. चीर लहान असेल तर आतून मजबूत कापडाची पट्टी लवचिक चिकटद्रव्याने बसवून काठांना आधार देतात. मोठी असेल तर तो तुकडाच बदलतात.

आमची दोन बोटांची फट शिवण्यास अननुभवामुळे पाऊण तास लागला. मामांना ती दहा मिनिटांत साधली असती. पण काम झाल्यावर त्यांनी अंगठ्याने शिवण दाबून पाहिली, मान हलविली आणि उजव्या बैठकीकडे वळले. तेथील कडेचा सारा तुकडा त्यांना काढावा लागला. झिजलेल्या फोमवर नवा थर चिकटवून, नवे रेक्झिन बेतून, खोळ उलटी करून यंत्रावर जोडावी लागली. त्यात दुपार गेली. काकांना नव्या तुकड्याचे आणि दिवसभराच्या मजुरीचे पैसे पडले. डाव्या बैठकीला मात्र काही हात दोरा लागला होता, आणि मामांनी त्याचे पैसे घेतलेच नाहीत. नव्या तुकड्याचा रंग जुन्याशी पुरता जुळला नाही. काका गाडीत बसताना त्याकडे पाहून म्हणाले, “दिवाळीतच आलो असतो तर!” त्यावर मामा एवढेच म्हणाले, “येत्यात सगळी फाटल्यावरच.”

आम्हांला ते वाक्य वरचेवर आठवते. आभाळच फाटले तर ठिगळ कोठे लावणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण बहुतेक गोष्टींचे आभाळ एका दिवसात फाटत नाही. ती आधी उसवत असतात. वहीचे पान सुटते, छपराचे एखादे कौल सरकते, गणितातील एखादे प्रकरण समजावयाचे राहते. आणि प्रत्येक वेळी आपण ‘चालतंय की’ म्हणतो. दोऱ्याने हार खाऊन कापडाला वाचविलेले असते आणि आपल्याला सूचना दिलेली असते. ती सूचना ओळखून, जुन्याच छिद्रांतून, बेताच्या ताणाने टाका घालणे, एवढेच काम मग उरते.

डाव्या बैठकीची ती शिवण अजून घट्ट आहे. काका आईला घेऊन कोल्हापूरला निघाले की आमच्यापैकी कोणीतरी हळूच तिच्यावरून अंगठा फिरवून पाहतो. आजीबाई त्या बैठकीवर बसतात. आपल्या पदराखाली कोणाचे टाके आहेत हे त्यांना ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसणे हेच त्या टाक्यांचे यश आहे.